जेराल्ड ऑंजियरचं मूळ गाव

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, तेव्हा कागद तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच, की मला जुनी दप्तरं वाचायची हौस आहे हे चाळीत सगळ्यांना ठाऊक. वकिलांनी दिलेल्या गठ्ठ्यात नगर भूमापन खात्याचं प्रॉपर्टी कार्ड होतं. मालकांची नावं, क्षेत्रफळ, आणि जमीन कोणत्या हक्काने धरली आहे त्या रकान्यात तीन शब्द : ‘पेन्शन अँड टॅक्स’. पेन्शन म्हणजे निवृत्तिवेतन एवढंच आम्हाला माहीत. जमिनीला पेन्शन कसली? वकील म्हणाले, “जुना प्रकार आहे काका, त्याने काही अडत नाही.”

अडत नव्हतं हे खरं. पण शब्द डोक्यातून जाईना. मुंबई शहराच्या जमिनींच्या हक्कांवर फ्रान्सिस वॉर्डन या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८१४ साली एक मोठा अहवाल लिहिला. तो वाचल्यावर उलगडा झाला. हे ‘पेन्शन’ म्हणजे पोर्तुगीज ‘पेन्साओ’, ठरावीक वार्षिक देणं. १६७२ साली मुंबई बेटावरच्या जमीनदारांनी आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नराने मिळून एक करार केला. जमीनदारांनी दरसाल एक रक्कम कंपनीला द्यायची, आणि कंपनीने त्यांच्या जमिनींच्या मालकीवर पुन्हा हात घालायचा नाही. ‘टॅक्स’ हे शेपूट अठराव्या शतकात त्याला जोडलं गेलं. म्हणजे आमच्या चाळीच्या कार्डावर साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका तहाचा शब्द अजून उभा होता. तो तह करणाऱ्या गव्हर्नराचं नाव जेराल्ड ऑंजियर.

मुंबईत नवा शेजारी आला की आपण पहिला प्रश्न विचारतो, “गाव कोणतं?” लालबाग-परळच्या गिरण्यांत तर खोली, खानावळ, नोकरी सगळं त्या उत्तरावर मिळायचं. माणूस कसा वागेल याचा अंदाजही आपण त्यावरून बांधतो. कधी चुकतो, कधी बरोबर ठरतो. तोच प्रश्न मी या गव्हर्नराला विचारायचं ठरवलं. त्याचं उत्तर शोधताना जे हाती आलं ते इथे मांडतो आहे.

इंग्रज गव्हर्नर, पण कुठला?

आधी माणसाची ओळख. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा तह १६६१ साली झाला आणि मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला देण्याचं ठरलं. प्रत्यक्ष ताबा हंफ्रे कुकने फेब्रुवारी १६६५मध्ये घेतला. राजाला हे बेट डोईजड झालं, म्हणून २७ मार्च १६६८च्या सनदेने त्याने ते वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला देऊन टाकलं. कंपनीचा सुरतेचा अध्यक्ष तोच मुंबईचा गव्हर्नर अशी व्यवस्था होती. सर जॉर्ज ऑक्सेंडेन जुलै १६६९मध्ये सुरतेत वारला आणि त्याच्या जागी ऑंजियर आला. ३० जून १६७७ रोजी तोही सुरतेतच वारला. मधली आठ वर्षं त्याची. त्यातही जून १६७२ ते १६७५ हा काळ तो मुंबईतच मुक्कामाला होता.

त्या तीन वर्षांत त्याने काय काय केलं याची यादी मोठी आहे. ८ ऑगस्ट १६७२ रोजी मुंबईत इंग्रजी कायद्याचं न्यायालय सुरू झालं. त्या दिवशीच्या मिरवणुकीत हिरव्या पोशाखातले ५० भंडारी दोन-दोनच्या रांगेने चालत होते. फेब्रुवारी १६७३मध्ये डच आरमार मुंबईसमोर येऊन उभं राहिलं आणि ऑंजियरने उभारलेली तयारी पाहून न लढता निघून गेलं. १६७४मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर गेलेला हेन्री ऑक्सेंडेन हा याच ऑंजियरने पाठवलेला वकील. सर जॉर्जचा तो पुतण्या. राज्याभिषेकाचं त्याने लिहिलेलं वर्णन आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याला पाठवणारा माणूस मात्र मागेच राहिला.

मुंबईवरची बहुतेक जुनी पुस्तकं ऑंजियरला ‘मुंबईचा खरा संस्थापक’ म्हणतात आणि पुढे जातात. तो आला कुठून, हा प्रश्न ‘इंग्लंडहून’ या एका शब्दात संपतो. माझा अनुभव असा, की सगळी गोम त्या एका शब्दात आहे.

आडनावाचा उच्चार आणि पंचांगाचा घोळ

घराणं शोधायचं तर पहिली अडचण नावाची. मराठीत त्याला कोणी आंजियर, कोणी ऑन्जियर, कोणी औंगियर लिहितं. यात आपला दोष नाही. सतराव्या शतकात इंग्रजांनाच स्वतःच्या नावाचं एक स्पेलिंग ठाऊक नव्हतं. जुन्या कागदांत हेच नाव निदान चार-पाच तऱ्हांनी येतं, आणि काही ठिकाणी तर राग या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखं, ‘अँगर’ असं लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे मोडी कागदांत एकच आडनाव काना-मात्रेच्या फरकाने तीन जागी तीन प्रकारे दिसतं, तसाच हा मामला. म्हणून एकाच स्पेलिंगवर बोट ठेवून शोधणारा माणूस घराण्याच्या दारापर्यंत पोचत नाही.

नाव डोळ्यांपेक्षा कानांनी शोधायला हवं. आयर्लंडची राजधानी डब्लिन, तिथे शहराच्या जुन्या भागात एक मोठा रस्ता आहे. त्याचं स्पेलिंग अगदी आपल्या गव्हर्नराच्या आडनावाचं. डब्लिनकर मात्र त्याचा उच्चार ‘एंजर’ असा करतात. एवढं विरळ आडनाव आणि त्याच काळातला रस्ता, हा योगायोग वाटेना. शोधाची दिशा लंडनहून डब्लिनकडे वळली ती इथे.

दुसरी अडचण तारखांची. त्या काळी इंग्रज जुनं ज्युलियन पंचांग पाळत होते, पोर्तुगीज नवं ग्रेगोरियन. दोघांत दहा दिवसांचं अंतर. शिवाय इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस यांत लिहिलेला कागद आपल्या हिशेबाने पुढच्या वर्षातला असतो. कुकने मुंबईचा ताबा घेतला ते साल कुठे १६६४, कुठे १६६५ दिसतं ते यामुळे. राज्याभिषेकाची ६ जून ही तारीखही ऑक्सेंडेनच्या जुन्या पंचांगाची आहे. नव्या पंचांगाने तो दिवस १६ जून येतो. वंशावळीत जन्म-मृत्यूच्या सालात एका वर्षाचा फरक दिसला, की दोन वेगळी माणसं समजायची घाई करू नये, हे मी या घोळातून शिकलो.

‘जेराल्ड’ हे नाव आलं कुठून?

आडनावाने रस्ता दाखवला, पण घराचं दार उघडलं ते पाळण्यातल्या नावाने. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत होती. कोकणातल्या कुठल्याही कुलवृत्तांतात पाहा, एक पिढी सोडून तीच तीच नावं येतात. इंग्रज उमरावांतही ही सवय होती. मग ‘जेराल्ड’ हे नाव या घरात कोणाचं?

आयर्लंडच्या उमरावांच्या वंशावळ्यांत ऑंजियर घराणं आहे. त्यातला पहिला सरदार फ्रान्सिस ऑंजियर. याला १६२१ साली ‘लाँगफर्डचा बॅरन ऑंजियर’ हा किताब मिळाला. १६३२मध्ये तो वारल्यावर किताब गेला त्याच्या थोरल्या मुलाकडे, आणि त्या मुलाचं नाव होतं जेराल्ड. दुसरा मुलगा अँब्रोज. तो पाद्री झाला. आपला गव्हर्नर हा त्या अँब्रोजचा मुलगा. म्हणजे त्याला थोरल्या काकांचं नाव ठेवलेलं होतं.

पण काकांना ते नाव कुठून मिळालं? ऑंजियरांच्या आधीच्या पिढ्यांतली नावं रिचर्ड, फ्रान्सिस अशी. इथे बहुतेक जण वाट चुकतात, कारण उत्तर आईच्या बाजूला आहे आणि त्या आईचं नाव ‘डग्लस’. आज ते पुरुषाचं नाव समजलं जातं; सोळाव्या शतकात बायकांनाही ते ठेवत. ही डग्लस फिट्झजेराल्ड, किल्डेरच्या चौदाव्या अर्लची बहीण. त्या अर्लचं नावही जेराल्ड. ‘फिट्झजेराल्ड’ या आडनावाचा अर्थच ‘जेराल्डचा पुत्र’. आयर्लंडमध्ये काही शतकं राजांहून जास्त वजन असलेलं हे नॉर्मन घराणं. त्यातल्या मुलीशी लग्न केल्यावर फ्रान्सिस ऑंजियरने पहिल्या मुलाला सासरचं नाव दिलं. नवा माणूस जुन्या मातीत पाय रोवू लागला की काय करतो, याची ही खूण आहे.

मला यात एक धडा दिसला. आपल्या कुलवृत्तांतांत लेकीसुनांची नावं नुसती ‘कन्या’ आणि ‘पत्नी’ म्हणून संपतात. गव्हर्नराच्या वंशावळीतून आजी वगळली असती, तर त्याच्या स्वतःच्या नावाचाच अर्थ लागला नसता.

एक आजोबा : जमीन

आता या आजोबांकडे, म्हणजे फ्रान्सिसकडे, नीट पाहू. घराणं मूळचं इंग्लंडातल्या केंब्रिजचं. ते उमराव नव्हतं, वकिलीत वर आलेलं होतं. गव्हर्नराचे पणजोबा रिचर्ड हे लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतले मानकरी. १५९७ साली त्यांचा तिथेच खून झाला, आणि संशय आला त्यांच्याच धाकट्या मुलावर व संस्थेच्या एका द्वारपालावर. राणी एलिझाबेथच्या प्रिव्ही कौन्सिलने दोघांचा छळ करून कबुली काढायचा हुकूम दिला होता. त्या हुकुमामुळेच हे प्रकरण कागदोपत्री राहिलं, आणि ‘अँगर’ असं लिहिलेलं नाव मी म्हणालो ते याच प्रकरणातलं.

थोरला मुलगा फ्रान्सिस हाही ग्रेज इनमधलाच वकील. १६०९ साली तो आयर्लंडला ‘मास्टर ऑफ द रोल्स’ म्हणून गेला. चॅन्सरी न्यायालयाच्या सगळ्या दप्तरांचा तो प्रमुख. कोणती जमीन कोणाला दिली याची कागदपत्रं त्या दप्तरात असत. त्या काळी राजा पहिला जेम्स आयर्लंडमध्ये ‘प्लँटेशन’ करत होता. हा शब्द चहा-कॉफीच्या मळ्यांचा नव्हे. मूळच्या आयरिश कॅथलिक कुळांचे जमिनीचे हक्क सदोष ठरवायचे, त्यातला हिस्सा काढून घ्यायचा आणि तिथे इंग्रज व स्कॉटिश प्रॉटेस्टंट माणसं ‘रोवायची’, असं ते धोरण. लाँगफर्ड परगण्यात ओफॅरल हे जुनं घराणं पिढ्यान्‌पिढ्या जमीन धरून होतं. तिथे सुमारे चौथा हिस्सा नव्या वसाहतकारांसाठी काढायचं ठरलं. फ्रान्सिस ऑंजियर हा त्या परगण्यातल्या नव्या जमीनदारांपैकी एक. त्याच्या किताबातलं ‘लाँगफर्ड’ आलं ते तिथून.

डब्लिन शहरातही त्याच्याकडे मोठी जागा आली : कार्मेलाइट साधूंच्या मठाची. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, त्यात तो गेला आणि फिरत फिरत या घराण्याकडे पोचला. ‘एंजर’ स्ट्रीट उभा आहे तो याच जमिनीवर.

दुसरे आजोबा : धर्म

गव्हर्नराची आई ग्रिसेल बल्कली. तिचे वडील लॅन्सलॉट बल्कली हे वेल्सच्या अँगलसी बेटावरचे. १६१९पासून १६५०मध्ये मृत्यू येईपर्यंत ते डब्लिनचे प्रॉटेस्टंट आर्चबिशप होते. ज्या शहरात बहुसंख्य लोक कॅथलिक, तिथे सरकारी धर्माचा सर्वांत मोठा अधिकारी हा माणूस.

१६२९ सालच्या २६ डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, हे आजोबा शहराच्या मेयरसह बंदूकधारी शिपाई घेऊन कुक स्ट्रीटवरच्या फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रार्थनास्थळात घुसले. पूजा चालू होती. शिपायांनी मोडतोड केली. लोक जमले, दगडांचा वर्षाव सुरू झाला आणि आर्चबिशपना पळून एका घरात आसरा घ्यावा लागला. आपल्याकडच्या दंग्यांची वर्णनं वाचलेल्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

गव्हर्नराचा जन्म साधारण १६४०चा. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १६४१मध्ये, आयर्लंडमधल्या कॅथलिकांनी उठाव केला. ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या ते नव्या वसाहतकारांवर तुटून पडले. मग उलटा सूड सुरू झाला. दहा-बारा वर्षं युद्ध चाललं आणि शेवटी क्रॉमवेलच्या फौजांनी देश चिरडला. वडील अँब्रोज डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचे अधिकारी, ते १६५४मध्ये वारले. म्हणजे मुलाचं सारं बालपण या आगीत गेलं. एका आजोबांनी घेतलेली जमीन आणि दुसऱ्या आजोबांनी लादलेला धर्म, या दोन गोष्टींची किंमत त्या पिढीने पाहिली.

थोरल्याला किताब, धाकट्याला वखार

काका जेराल्ड १६५५ साली निपुत्रिक वारले. किताब आणि जमिनी गेल्या पुतण्याकडे, म्हणजे गव्हर्नराचा थोरला भाऊ फ्रान्सिस याच्याकडे. इंग्रजी कायद्यात थोरल्याला सगळं, धाकट्यांनी आपापलं पाहायचं. आपल्या हिंदू एकत्र कुटुंबात भाऊबंदकी व्हायची ती वाटणीवरून. तिथे वाटणीच नव्हती, म्हणून धाकटे फौजेत, चर्चमध्ये किंवा व्यापारात जात. कंपनीच्या सुरतेच्या वखारीत अशा धाकट्या मुलांची कमी नव्हती. जेराल्ड ऑंजियर त्यांपैकी एक. सुरतेत तो दाखल झाला तो १६६०च्या दशकाच्या सुरुवातीला.

इथे दोन भावांच्या आयुष्यांची गंमत पाहण्यासारखी आहे. १६६१पासून थोरला फ्रान्सिस डब्लिनमध्ये मठाच्या जागेवर नवी वस्ती आखत होता. सत्तर फूट रुंद रस्ता, त्या काळच्या डब्लिनमधला सर्वांत रुंद. दोन्ही बाजूंना प्लॉट पाडून भाड्याने दिलेले. सात-आठ वर्षांनी धाकटा मुंबईत किल्ल्याभोवती शहर कसं वसवायचं याचे बेत करत होता : न्यायालय, टांकसाळ, तटबंदी, व्यापाऱ्यांना बोलावणं. १६७५ साली थोरला व्हायकाउंट झाला. त्याच साली धाकट्याने मुंबईच्या ख्रिस्ती समाजाला चांदीचा पेला अर्पण केला. १६७७ साली थोरला अर्ल ऑफ लाँगफर्ड झाला आणि त्याच साली धाकटा सुरतेत वारला. ताप, हगवण आणि दारू यांनी नवे इंग्रज पावसाळ्यात माश्यांसारखे मरत, त्या मुंबईत दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य अशी म्हणच पडली होती. ऑंजियर तिथे त्याहून जास्त टिकला.

मग १६७२चा करार वेगळा दिसू लागतो

आता आमच्या प्रॉपर्टी कार्डावर परत येतो. १६७२ साली मुंबईची स्थिती काय होती? बेटावरच्या नारळीच्या वाड्या आणि भातखाचरं पोर्तुगीज राजाकडून मिळालेल्या हक्काने अनेकांकडे होती : पोर्तुगीज आणि देशी ख्रिस्ती जमीनदार, काही पाद्र्यांच्या संस्था. गिरगाव, परळ, माहीम सगळीकडे हेच. आपण फणसवाडी, कांदेवाडी, खेतवाडी म्हणतो त्या ‘वाडी’ची ओळख त्या वाड्यांपर्यंत मागे जाते. इंग्रज आले आणि त्यांनी सनदा मागायला सुरुवात केली. कोणाची सनद हरवलेली, कोणाची अपुरी, कोणाची कधी नव्हतीच. कुक आणि त्याच्या मागच्यांनी काही जमिनी सरळ जप्तही केल्या. तक्रारी गोव्याला गेल्या, लिस्बनला गेल्या. बेट कॅथलिकांचं, राज्यकर्ते प्रॉटेस्टंट, आणि वाद सदोष हक्कांचा. लाँगफर्डचा नातू हे चित्र पाहून बुचकळ्यात पडला असेल असं मला वाटत नाही.

आजोबांच्या पिढीने अशा वेळी हक्क तपासले, सदोष ठरवले आणि हिस्सा काढून घेतला. नातवाने लोकांची सभा बोलावली आणि सौदा केला. तुमचे हक्क जसे आहेत तसे कंपनी मान्य करते. त्याबद्दल सगळ्यांनी मिळून दरसाल ठरलेली रक्कम द्या. १६७२ साली हा करार ठरला, १६७४ साली तो कायम झाला. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘ऑंजियर कन्व्हेन्शन’ म्हणून आजही ओळखला जातो.

धर्माच्या बाबतीत तेच. दुसऱ्या आजोबांनी दुसऱ्यांच्या पूजेत शिपाई घुसवले. नातवाच्या कारकिर्दीत पारशांनी मलबार हिलवर आपलं पहिलं दखमं बांधलं. १६७७ साली दीवच्या नीमा पारख या बनिया व्यापाऱ्याने मुंबईत यायला लेखी अटी घातल्या : आमच्या आवारात कोणी परधर्मीयाने राहू नये, तिथे जिवाची हत्या करू नये, आमच्या पूजेत आणि आमच्या दहनविधीत कोणी आड येऊ नये. सुरतेच्या अध्यक्षाने, म्हणजे ऑंजियरने, त्या मान्य केल्या. शेजारी गोव्यात इन्क्विझिशन चालू असताना हा कागद किती मोलाचा होता, हे व्यापाऱ्यांना सांगावं लागलं नाही. फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर त्याच सुमारास मुंबईत होता. त्याने बेटाची वस्ती साठ हजार सांगितली आहे. पोर्तुगीज काळातला आकडा दहा हजारांचा देतात. दोन्ही अंदाज, पण लोक येत होते हे नक्की.

सावधगिरीचे दोन शब्द

यावरून ऑंजियर साधुपुरुष होता असं कोणी समजू नये. त्याच्यापुढे पर्यायच थोडे होते. बेटावर इंग्रज मूठभर, तेही तापाने मरणारे. समुद्रात डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी, खाडीपलीकडे पोर्तुगीज, पलीकडच्या किनाऱ्यावर मराठे. प्लँटेशन करायला रोवायची माणसंच नव्हती. कंपनीला हवा होता व्यापार, आणि व्यापारी येतात ते जिथे त्यांची मालमत्ता व देऊळ सुरक्षित असतं तिथे. शिवाय १६६१च्या तहात रहिवाशांच्या मालमत्तेला आणि धर्माला हात लावणार नाही असं वचन होतंच.

म्हणून मी असं म्हणत नाही, की वंशावळीने करार लिहिला. माझं म्हणणं एवढंच, की ‘इंग्लंडहून आलेला गव्हर्नर’ म्हटलं की हा करार हुशार व्यापाऱ्याची युक्ती वाटतो; ‘आयर्लंडच्या वसाहतकारांच्या तिसऱ्या पिढीतला मुलगा’ म्हटलं की त्याच करारात एक भीती दिसते. जमीन हिसकावलेले लोक तीस वर्षांनी हातात काय घेऊन परत येतात, हे त्याला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. हा माझा तर्क आहे आणि तर्क म्हणूनच तो वाचावा.

दुसरं, जमीनदारांशी झालेला सौदा म्हणजे सगळ्यांशी झालेला सौदा नव्हे. वाड्यांत खपणारे कुळंबी, माडावर चढणारे भंडारी, खाडीतले कोळी यांना त्या सभेत आवाज नव्हता. मालकांचे हक्क पक्के झाले, कसणाऱ्यांचे नाहीत. कार्डावर मालक आणि खोलीत भाडेकरू, ही आमच्या चाळीतली जुनी जोडी बघितली की ते आठवतं.

पेला, रस्ता आणि कार्ड

काही वर्षांपूर्वी एका सुटीच्या दिवशी हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये बराच वेळ बसलो होतो. या चर्चची कल्पना ऑंजियरच्या काळातली. ते पुरं झालं १७१८मध्ये, आणि त्याच्यावरूनच किल्ल्याच्या दरवाज्याला, मग स्टेशनला ‘चर्चगेट’ नाव पडलं. ऑंजियरने १६७५मध्ये दिलेला चांदीचा पेला याच चर्चच्या ठेव्यातला. त्यावरच्या लॅटिन लेखात त्याचं नाव आहे, मुंबई बेटाचा गव्हर्नर ही पदवी आहे, साल आहे. डब्लिन नाही, लाँगफर्ड नाही, केंब्रिज नाही.

घराण्याचा किताब अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच वारस नसल्याने संपला. उरलं काय? डब्लिनमध्ये थोरल्याचा रस्ता, मुंबईत धाकट्याचा पेला आणि आमच्यासारख्यांच्या कार्डांवरचा एक शब्द.

चाळीच्या पुढच्या बैठकीत मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “म्हणजे त्याचंही गाव सुटलेलंच होतं म्हणायचं.” मग त्यांनी विचारलं, की नव्या इमारतीच्या कागदावर मालक म्हणून त्यांचं नाव येणार ना? वकिलांनी हो म्हटलं. आजींनी ते लिहून मागितलं.